फोटो आधी उलटा करून बघणारं दुकान (सांगली, गावभाग)

आमचा भडंगाचा धंदा. नव्या पाकिटावर जुनी सांगली छापायची असं घरात ठरलं, म्हणून गावभागातल्या एका स्कॅनिंगच्या दुकानात गेलो. पाटी एवढीशी, आत गिऱ्हाइकाला एकच खुर्ची, तिच्यावरही कुणाचा तरी अल्बम. २०१९ च्या पुरात भिजून काचेला चिकटलेले फोटो सोडवून देतात म्हणून बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

बाकी ठिकाणी फोटो दिला की स्कॅन मारतात, विषय संपला. हे दादा आधी मागची बाजू बघतात. "विकायच्या मालावर छापणार ना? मग काढलाय कुणी, छापलाय कधी?" मी म्हटलं, फोटो माझाच आहे. म्हणाले, "कागद तुमचा. छापायचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, कुणाचा ते बघू."

पहिला फोटो आयर्विन पुलाचा, रद्दीत मिळालेला. फोटोग्राफरचं नाव कुठंच नाही. पण ते छापील पोस्टकार्ड निघालं. तिकीट कुणीतरी उचकटून नेलेलं, शिक्क्याचा अर्धा भाग मात्र कार्डावर राहिला होता. भिंगाखाली १९३८ वाचता आलं. पूल १९२९ चा, म्हणजे कार्ड त्या दरम्यानचं. काढणारा अज्ञात असेल तर फोटो प्रसिद्ध झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. कितीही ताणलं तरी १९९८ अखेर हक्क संपला. त्या काळच्या कायद्यात तर निगेटिव्ह झाल्यापासून ५० वर्षंच होती. बिनधास्त छापा म्हणाले.

दुसरा आजोबांचा, १९५५ चा, फेटा बांधून दुकानासमोर उभे. पुठ्ठ्यावरचं स्टुडिओचं नाव फ्रेमवाल्यानं कापून टाकलेलं. दादांचा प्रश्न एकच: पैसे देऊन काढून घेतला होता का? घरच्या जुन्या वहीत नोंद सापडली, 'फोटो, रु. ८'. वेगळा करार नसेल तर अशा फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे आजोबा, आणि त्यांच्यामागं सगळे वारस. 'सगळे' जरा जोरातच म्हणाले. आता आत्याची आणि पुण्याच्या चुलतभावाची सही आणायची आहे. आत्या देईल. चुलतभाऊ आधी पाकिटामागं किती सुटतात ते विचारेल.

तिसऱ्याला गाडी अडली. हळदीच्या बाजाराचा फोटो, १९६८ च्या एका दिवाळी अंकातून कापलेला, खाली नाव नाही. पोत्यांवर टेकलेले हमाल आणि मागं काट्याच्या पारड्यात बसलेलं एक पोरगं. तिन्हींत मला हाच हवा होता. १९६९ पासून ६० वर्षं धरली तर हक्क २०२८ अखेरपर्यंत जिवंत. त्याआधी फोटोग्राफरचं नाव उघड झालं तर त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं. म्हणून पूर्ण अंक मिळवा, श्रेयाचं पान बघा, असं त्यांनी बजावलं. धनी सापडतच नसेल तर परवान्यासाठी अर्ज करायची सोय कायद्यात आहे, पण त्याआधी देशभर जाणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. पाकिटाच्या एका बाजूसाठी एवढं कोण करतंय! घरी ठेवायला स्कॅन करून दिला, छपाईची फाइल मात्र दिली नाही. हातचं काम सोडणारा दुकानदार आपल्याकडं विरळाच. "मी वकील नाही, शंका असेल तर वकिलाला दाखवा," हेही स्वतःहून सांगितलं.

आता तक्रारी. आजोबांचा फोटो रंगवून घ्या म्हणून फार मागं लागतात. नमुना करून दाखवला त्यात फेटा गुलाबी! आमच्या घरात गुलाबी फेटा कुणी बांधला नाही. स्कॅनला दीडशे घेतात, तेही थोडे जास्तच. हक्काचा हिशेब चिठ्ठीवर लिहून देतात, पण अक्षर डॉक्टरांच्या वरचढ, वर्षं तिथंच वाचून घ्या. स्कॅनवर दुकानाचं नाव मात्र टाकत नाहीत, हे मला आवडलं.

पाचपैकी चार. दुपारी एक ते चार बंद असतं. गाडी लांब लावून चालत जा, आणि फोटो फ्रेममधून घरीच काढून न्या, नाहीतर पहिला अर्धा तास खिळे उपसण्यातच जातो.