डबल केबिन कॅम्पर: पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

2025 च्या गुढीपाडव्याला महिंद्राची बोलेरो कॅम्पर गोल्ड घेतली. ही डबल केबिन पिकअप, म्हणजे पुढे पाच सीटची केबिन आणि मागे मालाचा उघडा हौदा. तेव्हापासून कराडच्या आसपासच्या साइट, दुकानातून माल उचलणं, आईला दवाखान्यात नेणं, चिपळूणची सासरवाडी असं सगळं या एकाच गाडीवर चाललंय. कुणीही ठेकेदार भेटला की विचारतो, "घरच्यांना चालते का ही?" तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहितो.

आधी माझं काम सांगतो, कारण गाडी पटेल की नाही ते बरंचसं त्यावर आहे. बंगले आणि छोट्या इमारतींचं प्लंबिंग, ड्रेनेज आणि वॉटरप्रूफिंग. माल फार जड नसतो, पण अडचणीचा असतो. पाइप, फिटिंगच्या गोण्या, केमिकलचे डबे, ब्रेकर, कोअर कटिंगचं मशीन, शिडी, आणि बरोबर दोन-तीन माणसं. पूर्वी घरची छोटी कार होती, माल जास्त असला की छोटा हत्ती भाड्याने सांगायचो. भाड्याचं एवढं काही वाटायचं नाही. पण सकाळी आठला सांगितलेला टेम्पो साडेदहाला उगवायचा आणि तोवर चार माणसांची हजेरी फुकट चालू असायची. म्हणून माणसं आणि माल एकत्र नेणारी गाडी हवी होती. दोन गाड्या ठेवायला ना दारात जागा, ना दोन हप्त्यांची ऐपत.

पर्याय सगळे बघून झाले. टोयोटाची हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस या खाजगी पासिंगच्या, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या. दोन्ही बघायला राजबिंड्या, चालवायला मोठ्या कारसारख्या. हायलक्स 5325 मिलिमीटर लांब आहे आणि व्ही-क्रॉस 5295. आमच्या पेठेच्या बोळात त्या वळवून दाखवणाऱ्याला मी जेवण घालीन. शिवाय किंमत कॅम्परच्या अडीच-तीनपट. इसुझूची एस-कॅब आणि टाटाची योद्धा क्रू केबिन या कॅम्परच्याच पंगतीतल्या, मालवाहतुकीच्या पासिंगच्या. त्यांत कॅम्पर घेतली ती मुख्यतः पाच मीटरच्या आत बसते म्हणून, आणि पाटणपासून मलकापूरपर्यंत कुठल्याही गॅरेजवाल्याला ती डोळे मिटून उघडता येते म्हणून. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, 75 हॉर्सपॉवर, 200 न्यूटन-मीटर, आणि हौद्यात एक टन. कागदावर 75 म्हणजे काहीच नाही, पण जोर खालच्या फेऱ्यांतच मिळतो, त्यामुळे भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर चढ निमूट चढते.

आता पिवळ्या पाटीचा विषय. घरासाठी आणि धंद्यासाठी एकच पिकअप घेणाऱ्याने इंजिन-बिंजिन नंतर बघावं, आधी हे समजून घ्यावं. गाडीत पाच सीट असल्या तरी आरटीओच्या लेखी ती मालगाडी आहे. कायदा, विमा, टोल, कर सगळे तिला टेम्पोच समजतात.

सगळ्यात महत्त्वाचा आहे विमा. मालगाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई देणं विमा कंपनीवर कायद्याने बंधनकारक नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2003 चा निकाल आहे. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस आणि गाडीवरचे कामगार यांची गोष्ट वेगळी. पण मागच्या सीटवर बसलेली माझी आई ना मालाची मालक, ना बिगारी. म्हणजे साधी पॉलिसी घेऊन घरच्यांना फिरवलं आणि काही झालं, तर हात वर होऊ शकतात. आम्हाला शोरूममध्ये हे कुणी सांगितलं नाही. विम्याचं काम बघणाऱ्या एका मित्राने सांगितलं. भाडं न देणाऱ्या प्रवाशांसाठी जादा कव्हर मिळतं, ते पॉलिसीवर छापून घ्यायचं. "आहे त्यात साहेब" या तोंडी उत्तरावर जायचं नाही, पॉलिसीत ती ओळ बोट ठेवून दाखवायला लावायची. त्याशिवाय घरातल्या प्रत्येकाची वेगळी अपघात पॉलिसी काढली. तिला गाडी कोणत्या पासिंगची आहे याच्याशी देणंघेणं नसतं. थर्ड पार्टीचा हप्ताही जास्त बसतो. 2022 च्या दरपत्रकात दीड लिटरवरच्या खाजगी कारला वर्षाला 7,897 रुपये आहेत, तर साडेसात टनांपर्यंतच्या भाड्याच्या मालगाडीला 16,049. स्वतःचाच माल वाहणाऱ्यांसाठी वेगळा, कमी दर असतो, तेव्हा फॉर्म भरताना आपण कशात मोडतो ते नीट लिहायचं. आणि हौद्यात माणसं बसवायचा विचारसुद्धा करू नका, दोनच किलोमीटर असले तरी.

लायसन्सचा घोळ मात्र सुटलाय. बायकोकडे साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स आहे, व्यावसायिक गाडी चालवायचा बॅज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला निकाल दिला की एकूण वजन साडेसात टनांपर्यंत असलेलं मालवाहू वाहन एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतं. त्यामुळे मी साइटवर अडकलो की ती गाडी घेऊन दुकानातून माल आणते. दुकानातली पोरं आधी बघत राहायची, आता "वहिनी, फाळका पाडा" म्हणतात. फाळका म्हणजे हौद्याची मागची पडती फळी.

वेग. मालगाडीला ताशी 80 ची मर्यादा यंत्रातच बसवलेली असते, कायद्यानेच. पाय कितीही दाबा, ऐंशीला काटा थांबतो. कराड-सातारा महामार्गावर रोजच्या कामाला त्याचं काही वाटत नाही, उलट बायको आणि आई खूश आहेत. मला त्रास होतो तो लांबच्या प्रवासात ओव्हरटेक करताना. पंच्याहत्तरने चाललेल्या ट्रकला ओलांडायला अर्धा किलोमीटर जातो आणि मागचा कारवाला दिवे मारून जीव नकोसा करतो. पुण्याला, मुंबईला वरचेवर सहकुटुंब जाणाऱ्याने याचा विचार करावाच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एप्रिल 2023 पासून कारला 320 आणि टेम्पोला 495 रुपये टोल आहे. आपण अर्थातच 495 वाले. राष्ट्रीय महामार्गांसाठी 15 ऑगस्ट 2025 पासून 3,000 रुपयांचा 200 फेऱ्यांचा वार्षिक पास निघाला, तोही फक्त खाजगी कार, जीप, व्हॅनला. कराडजवळच्या तासवड्याच्या टोल नाक्यावर रोज ये-जा असणाऱ्याला ही गोष्ट लागते.

पिवळ्या पाटीने एका हाताने घेतलं ते दुसऱ्या हाताने थोडं परतही दिलं. मालगाडीवर भरलेला जीएसटी आमच्यासारख्या नोंदणी असलेल्या ठेकेदाराला पुढच्या देण्यातून वजा करून मिळतो. माणसं नेणाऱ्या गाडीवर, म्हणजे तेरापर्यंत सीटच्या, तो मिळत नाही. मी घेतली तेव्हा दर 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 18 झाला. मला वजावट मिळाल्यामुळे त्या बातमीने पोटात दुखलं नाही. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत) असाल तर ही वजावट नाही, मग तुमच्यासाठी आताचा कमी दर हाच फायदा. आणि वजावट घेतलेल्या जीएसटीच्या रकमेवर परत घसारा लावता येत नाही, हे सीएला विचारून घ्या. खाजगी डिझेल गाडीला आपल्याकडे 13 ते 15 टक्के रोड टॅक्स बसतो. हलक्या मालगाड्यांना 2025-26 च्या राज्य अर्थसंकल्पात 7 टक्के एकरकमी ठरला. एकूण वजन तीन टनांपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिटही लागत नाही.

कागद पुरे झाले, आता हौदा.

डबल केबिन घेतली की हौदा आखूड होतो, हे दिसत असूनही लोक विसरतात. सिंगल केबिनवाल्याशी बरोबरी करायला जाऊ नका. सिमेंटच्या वीस गोण्या म्हणजे बरोबर एक टन, तेवढ्या बसतात आणि गाडी तक्रार करत नाही. केमिकलचे डबे, टाइल्सची खोकी, मशीन, सगळं आरामात. अडतं ते लांबीला. तीन मीटरचा पाइपसुद्धा हौद्यात सरळ मावत नाही. सहा मीटरचा तर विचारच सोडा. फाळका पाडून, लाल फडकं बांधून माल मागे लोंबकळत नेणारे रोज दिसतात, पण बॉडीबाहेर आलेल्या मालाला मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड आहे, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा विचार केला तर तो कमीच आहे. मी हौद्याच्या पुढच्या बाजूला आणि केबिनच्या टपावर मिळून लोखंडी कॅरिअर बसवून घेतलं. तीन मीटरचे पाइप त्यावर बसतात, शिडीही. सहा मीटरचा माल आणि सळई अजूनही भाड्याच्या टेम्पोनेच येते. म्हणजे भाडं बंद झालं नाही, बरंच कमी झालं. सेंट्रिंगचं किंवा आरसीसीचं काम करणाऱ्याने डबल केबिनच्या नादाला लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रंगकाम, वॉटरप्रूफिंग, सोलर बसवणारे यांना ती शोभते.

आता बसण्याचं. मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) आहेत आणि ते एक टन पेलायला आहेत. रिकाम्या गाडीत खड्डा आला की मागची माणसं उडतात. पाटे कडक नसते तर वीस गोण्या कुणी पेलल्या असत्या, त्यामुळे यात गाडीचा दोष काढण्यात अर्थ नाही. अर्धा टन माल असला की हीच गाडी रस्त्याला अशी धरून चालते की विचारू नका. म्हणून रविवारी घरच्यांना घेऊन निघताना मी हौद्यात पुढच्या बाजूला वाळूच्या चार गोण्या टाकतो. टायरची हवा भरलेल्या आणि रिकाम्या गाडीला वेगळी असते, ती चार्टप्रमाणे उतरवतो. एवढ्यानेच निम्मा त्रास जातो. मागची पाठ बरीच उभी असते. पोरांना काही वाटत नाही, ती खिडकीतून मजेत असतात. आईला तासाभराने कंबर लागते, म्हणून लांबच्या प्रवासात ती पुढे आणि बायको मागे. पायरी बसवून घेतली, नाहीतर नऊवारीत चढायला तिला दोघांचा आधार लागायचा.

वाळूच्या गोण्यांचं खरं महत्त्व कळलं ते कुंभार्ली घाटात. जुलैत चिपळूणला जाऊन परत येत होतो, पाऊस धो धो. गाडीची ताकद मागच्या चाकांना, आणि हौदा रिकामा म्हणजे मागचं टोक हलकं. वळणावर, चढाला, ओल्या शेवाळलेल्या रस्त्यावर जरा जास्त पाय पडला की मागचं चाक सुळकन फिरतं. स्टिअरिंगमध्ये काही कळत नाही, बुडाखाली कळतं, बसल्या जागी गाडी कडेला सरकल्यासारखी. मी घाटाखालीच वाळू चढवली होती तरी पहिल्या दोन वळणांवर ते जाणवलं. मग दुसऱ्या गिअरवर, पाय एकसारखा ठेवून, ब्रेक वळणाच्या आधीच मारून वर आलो. जाताना उतरलो होतो तेही त्याच गिअरवर. सपाटीवरून कारची सवय घेऊन आलेल्याने पहिला पावसाळा जपून चालवावा.

त्याच प्रवासात सामानाचा प्रश्न आला. पाच माणसांच्या बॅगा हौद्यात, वर ताडपत्री. ताडपत्री कितीही ताणून बांधा, ऐंशीच्या वेगाला वारा ती फुगवतो आणि पाणी दोरीच्या कडेने आत येतं. आम्ही कपडे घातले झाकणाला पत्र्याची रिंग असलेल्या दोन निळ्या पिंपांत. नवी कोरी पिंपं, केमिकलची नव्हेत! चिपळूणला सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, पाण्याची टंचाई आहे का तुमच्याकडे?" पण कपडे कोरडे ठणठणीत निघाले.

घरच्यांचं मत वेगवेगळं आहे. पोरांना गाडी उंच म्हणून आवडते. बायकोची एकच अट आहे: सिमेंट किंवा केमिकल लागलेले कपडे, बूट, थापी, घमेलं केबिनमध्ये येता कामा नये. पहिल्या महिन्यात मागच्या सीटवर कामगार बसायचे आणि संध्याकाळी त्याच सीटवर मुलगी शाळेचा गणवेश घालून. सिमेंटची बारीक पूड कापडात बसली की झटकून जात नाही. रेक्झिनचं जाड कव्हर टाकलं, खाली धुता येणारं रबरी मॅटिंग, आणि आता कामगार उतरले की ओल्या फडक्याने पुसायचं काम त्यांचंच. लग्नाला ही गाडी न्यायला बायको तयार नसते. तेव्हा मेहुण्याची कार. एसी पुढे गारेगार, मागे पोहोचायला वेळ लागतो. दुपारी बारानंतर साइटवर उन्हात उभी राहिलेली गाडी असेल तर आधी दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून चालवायची.

अॅव्हरेज भरल्या गाडीला बारा-साडेबारा, रिकाम्याला चौदाच्या आसपास. घाट आणि एसी धरला तर त्याहून कमी.

हौद्याला फायबरचं बंद टोपण बसवायचं मनात आहे, म्हणजे मशीन रात्री उतरवून ठेवायला नको. पण गाडीच्या रचनेत असा बदल केला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर आरटीओच्या फिटनेस तपासणीला अडवतात. मालगाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस असतं, नंतर दरवर्षी. माझं पहिलं 2027 च्या पाडव्याच्या सुमारास येईल. तोवर क्लच आणि पाटे कसे टिकले ते वेगळं लिहीन.