श्वानदंशावरील उपचार : सोलापूरच्या पूर्व भागातील एका दवाखान्याचा अनुभव
अशोक चौकाजवळ माझ्या आठ वर्षांच्या भाच्याच्या बोटांना मोकाट कुत्रा चावला, तो रविवार होता. शेजाऱ्यांनी जखमेवर चुना भरला आणि पहिल्या दवाखान्यात केवळ धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन पट्टी बांधण्यात आली. पूर्व भागातील ज्या दुसऱ्या दवाखान्याविषयी मी लिहीत आहे, तेथील परिचारिकेने ती पट्टी सोडली, चुना काढला आणि घड्याळ लावून १५ मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने जखम धुतली. साबणाने रेबीजच्या विषाणूचे चरबीयुक्त आवरण विरघळते, हे तिने आम्हाला मराठीत आणि रांगेतील एका आजींना तेलुगूत सांगितले.

डॉक्टरांनी दिलेली माहिती मला सर्वांत मोलाची वाटली. हा विषाणू रक्तातून मेंदूत जात नाही; तो जखमेजवळील मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतो आणि तंतूच्या अंतर्गत वाहतुकीवर स्वार होऊन मज्जारज्जूमार्गे मेंदू गाठतो. बोटांत मज्जातंतूंचे जाळे दाट असल्याने तेथील चावा अधिक धोक्याचा. मेंदूत तो पेशी सरसकट मारत नाही, तर त्यांचे काम बिघडवतो, म्हणून मेंदूची दृश्य हानी बेताचीच असूनही रुग्णाला पाण्याचा घोट घेताच घशाचे स्नायू आकडतात. तेथून विषाणू लाळग्रंथींत उतरतो. लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. जे करायचे ते वाटेतच करावे लागते.

लसीमुळे प्रतिपिंडे तयार होण्यास आठवडाभर तरी लागतो. तोवर विषाणूला जागीच अडवण्यासाठी डॉक्टरांनी भाच्याचे वजन करून त्यानुसार सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे औषध, घेतले व ते थेट जखमेत टोचले. बोटाची कातडी पांढरी पडताच त्या थांबल्या आणि रंग परत आल्यावरच सुई पुन्हा लावली. पोराचा आक्रोश ऐकवत नव्हता, पण त्यांनी एकही जखम सोडली नाही.

त्वचेतील लस ० (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), ३, ७ आणि २८ या दिवशी दोन्ही दंडांवर देण्यात आली. सातवा दिवस पुन्हा रविवारच आला, तरीही दवाखाना उघडा ठेवून आदल्या संध्याकाळी फोन करण्यात आला.

एक त्रुटी मात्र नोंदवतो. आमच्यानंतर आलेल्या एका यंत्रमाग कामगाराला अर्धा तास बसवल्यानंतर सीरम संपल्याचे सांगण्यात आले. साठा संपताच दारावर तशी पाटी लावावी आणि ते जवळपास कोठे मिळेल, हेही त्याच पाटीवर लिहावे.