पेटी की पाटी? जुनी इंग्लिश दुनळी घेताना

इंग्लंडात राहणारा एक मित्र रविवारी मातीच्या उडत्या चकत्या फोडायला जातो. शॉटगन सर्टिफिकेट आहे, बंदूक भाड्याची. आता त्याला स्वतःची जुनी इंग्लिश दुनळी हवी आहे. त्याने दोन हेरल्यात: बर्मिंगहॅमची बॉक्सलॉक आणि लंडनची साइडलॉक. दोन्ही बारा बोर, दोन्ही शंभरी ओलांडलेल्या, दोन्ही नव्याने दुरुस्त केलेल्या. लंडनवाली थोडीच महाग. "एवढ्या फरकात लंडनची मिळत असेल तर विचार कसला करायचा?" असं त्याचं म्हणणं. मला वाटतं, विचार नेमका तिथेच करायचा. उत्तम लंडन साइडलॉक बॉक्सलॉकच्या कितीतरी पट किमतीला जाते. ती स्वस्त मिळत असेल तर का, हे आधी विचारावं.

इथे लॉक म्हणजे कुलूप नव्हे, घोडा पाडणारी यंत्रणा. पूर्वीच्या बंदुकांचे घोडे बाहेर असत आणि अंगठ्याने मागे ओढावे लागत. १८७५ साली वेस्टली रिचर्ड्स या बर्मिंगहॅमच्या बंदूक कंपनीतल्या ॲन्सन आणि डीली यांनी ते पोलादी पेटीत, म्हणजे नळ्यांमागच्या भागाच्या (ॲक्शनच्या) पोटात नेले. नळ्या खाली मोडल्या की घोडे आपोआप ताणले जातात. प्रत्येक बाजूला जेमतेम चार-पाच हलणारे भाग. जगातल्या बहुतेक बॉक्सलॉक याच मांडणीच्या वंशातल्या. माझ्या मते ही त्या शतकातली सर्वात हुशार काटकसर आहे.

साइडलॉकमध्ये हीच यंत्रणा दोन बाजूंच्या पाट्यांवर बसवलेली असते. पाटी काढली की आतलं काम घड्याळासारखं उघडं पडतं. चांगल्या साइडलॉकमध्ये आणखी एक अडसर असतो: बंदूक आपटली आणि घोडा सुटला, तरी तो काडतुसापर्यंत पोचत नाही. बहुतेक बंदुकांवरचा सेफ्टीचा खटका फक्त चाप अडवतो, घोडा नव्हे. म्हणून या अडसराला मोल आहे. बऱ्याच साध्या बॉक्सलॉकमध्ये तो नसतो. चापही साइडलॉकचा जास्त स्वच्छ सुटतो. लंडनचे नामांकित बंदूककार पर्डी यांची तर तऱ्हाच वेगळी. फ्रेडरिक बीझलीने १८८० साली पेटंट घेऊन पर्डीला विकलेल्या रचनेत मुख्य स्प्रिंगच बंदूक उघडायला मदत करते आणि बंद करताना ती पुन्हा ताणली जाते. त्यामुळे ती उघडते अलगद, पण मिटताना जोर लावावा लागतो. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला वाटतं, काहीतरी अडकलंय.

इथवर लंडनचं पारडं जड आहे. पण ही सगळी हुशारी नळ्यांच्या मागे असते, आणि बंदुकीचं आयुष्य असतं नळ्यांत.

गंजाचे खड्डे काढायला नळी आतून घासतात. दर वेळी थोडं पोलाद जातं. आतून आरसा दिसला की विकणारा खूश, घेणाराही खूश. भिंत किती उरली हे मात्र डोळ्याला दिसत नाही. इंग्लंडात सर्वसाधारणपणे इंचाचे २० हजारांश, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, ही किमान जाडी धरतात. जाड लग्नपत्रिकेइतकी! भिंतीची जाडी मोजायचं खास उपकरण जाणत्या कारागिराकडे असतं. विकणारा आकडा सांगायला टाळाटाळ करू लागला तर तिथेच थांबा.

दुसरी गोष्ट शिक्क्यांची. नळ्यांची चाचणी घेणारं बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३चं, तेच काम करणाऱ्या लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ची. जादा दाबाचा बार उडवून नळी टिकली तरच तिथे शिक्का मिळतो. त्यानंतर नळी ठरावीक मर्यादेपलीकडे घासली गेली तर तो शिक्का रद्दबातल, आणि अशी बंदूक विकणं ब्रिटनमध्ये गुन्हा. शिक्का फक्त काळ्या दारूचा आहे की आधुनिक नायट्रो दारूचाही, तेही पाहावं. दमास्कस नळ्या, म्हणजे लोखंड आणि पोलाद पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेल्या, दिसायला फार देखण्या. त्या सरसकट धोक्याच्या नसतात. नायट्रोचा वैध शिक्का आणि पुरेशी जाडी असेल तर वापरता येतात.

नळ्या अगदीच गेल्या असतील तर मागचा भाग ठेवून पुढे नव्या नळ्या बसवतात. याला स्लीव्हिंग म्हणतात आणि तसा शिक्का मारावा लागतो. हे काम चांगलं झालं असेल तर बंदूक उत्तम चालते, फक्त किंमत पडते. मित्राची लंडनवाली स्वस्त असण्याचं कारण बहुधा इथेच कुठेतरी आहे.

एक साधी परीक्षा दुकानातच करता येते. नळ्या वेगळ्या करून हुकाला लटकवा आणि बोटाने टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर मधली पट्टी घट्ट आहे. बद्द वाजलं तर डाख सुटलाय.

नक्षी, लाकूड यांत लंडनशी बर्मिंगहॅमने स्पर्धा करूच नये, निदान साध्या प्रतीत. साइडलॉकच्या पाटीवर बारीक वेलबुट्टीला जागा असते, पेटीवर कमी. पण जुन्या बंदुकीवर पोलादाचे निळे-तपकिरी रंग झगझगीत दिसले तर ते बहुधा पुन्हा चढवलेले. स्क्रूच्या खाचा पाहा. उत्तम कामात त्या सगळ्या नळीला समांतर असतात. खाचा कुरतडलेल्या असतील तर कुणीतरी घरच्या स्क्रूड्रायव्हरने कारागिरी केली आहे.

काडतुसाची गोष्ट दोघींना सारखीच. या बंदुकांचे चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, बहुधा ६५ मिलिमीटरचे. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात व्यवस्थित बसतं, आणि घोटाळा तिथेच आहे. ७० ही लांबी काडतूस उडून त्याचं दुमडलेलं तोंड उघडल्यानंतरची असते. तोंड उघडायला जागा न मिळाल्याने दाब वाढतो. पोलादी छर्रेही या नळ्यांत नकोत. शिशाला पर्याय म्हणून बिस्मथ चालतं, खिशाला चटका देऊन.

आजोबांची दुनळी परवान्यावर असलेल्या इकडच्या घरांत शिकारीचा प्रश्न १९७२च्या वन्यजीव कायद्याने मिटवला. २०१९पासून परवाना असलेल्या एका व्यक्तीला सहसा दोनच बंदुका ठेवता येतात. कोणती ठेवायची हे ठरवतानाही नळ्यांपासूनच सुरुवात करावी, आणि बार उडवण्याआधी जाणकाराला दाखवावी.

मित्राला मी सांगितलं: जाडी शाबूत असलेली, मूळ नळ्यांची बर्मिंगहॅमची बॉक्सलॉक घे. दर रविवारी दोनशे बार काढायचे तर तिची दुरुस्तीही सोपी. लंडनवालीच्या नळ्या मोजून भरपूर निघाल्या, किंवा स्लीव्हिंगचा शिक्का उघड असून काम नेटकं असेल, तर मत बदलेन. त्याने विकणाऱ्याला जाडीचा आकडा विचारलाय. अजून उत्तर आलेलं नाही.