मूल असताना घटस्फोट: लढून की आपसात?

वेगळं व्हायचं नक्की झालंय, आता फक्त कसं ते ठरवायचंय, अशा आईबापांसाठी हे लिहितोय. आमचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली, म्हणजे लढून, सुरू झाला आणि १३-ब खाली, म्हणजे परस्पर संमतीने, संपला, त्यामुळे दोन्हीकडचा अनुभव गाठीशी आहे. मी वकील नाही. तुमच्या प्रकरणातलं तुमच्या वकिलांनाच विचारा.

वेळेबद्दल सगळेच सांगतात. म्युच्युअलसाठी (परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी) आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून हे सहा महिने योग्य प्रकरणात माफही होतात. लढायच्या दाव्यात समन्स, समुपदेशन, म्हणणं, पुरावा, उलटतपासणी असं सगळं होईपर्यंत किती वर्षं जातील, हे छातीठोकपणे कोणी सांगत नाही. तरी माझा निर्णय वेळेवरून झाला नाही.

तो झाला मुलीच्या सुट्ट्यांवरून. दावा चालू असताना ताबा तिच्या आईकडे होता आणि मला भेट मिळायची ती कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत, ठरावीक शनिवारी. तेवढं मी निभावून नेलं असतं. पण ठरलेल्या वेळेबाहेरचं काहीही हवं असलं की अर्ज. दिवाळीत चार दिवस तिला आजीकडे न्यायचं होतं, म्हणून अर्ज केला. समोरच्यांचं म्हणणं यायला एक तारीख गेली. पुढच्या तारखेला त्यांचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले. युक्तिवादाच्या दिवशी न्यायाधीश साहेब रजेवर. अर्जाला अखेर हात लागला तेव्हा शाळा पुन्हा भरली होती आणि त्यात मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं. यात कोणी मुद्दाम वाईट वागलं असं मला वाटत नाही. बोर्डच, म्हणजे कोर्टाची त्या दिवसाच्या प्रकरणांची यादीच, एवढा मोठा असतो की आमच्या चार दिवसांना त्यात जागा नव्हती. मे महिन्याच्या सुट्टीतही तेच झालं. तिच्या आईलाही या हेलपाट्यांचा वीट आला होता, आणि बोलणी तिथून सुरू झाली.

आपसात करायचं ठरल्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींवर, घालवला, आणि माझ्या मते तो तिथेच घालवावा. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग एका वर्षी आईकडे, पुढच्या वर्षी बाबाकडे. मे महिन्याची वाटणी तशीच. आणायला कोण जाणार, सोडायला कोण, वाढदिवस कुठे, फोन किती वाजता, पासपोर्ट कोणाकडे, सगळं लिहिलं. ‘दोघांच्या सोयीनुसार’ हे शब्द मसुद्यात कुठेही राहू देऊ नका. पुढची भांडणं तिथूनच उगवतात.

पोटगीच्या बाबतीत मात्र लढायच्या दाव्याची बाजू वजनदार आहे, हे मान्य करायला हवं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. आमची प्रतिज्ञापत्रं आधीच दाखल झालेली होती, म्हणून बोलणीत आकड्यावरून फार घासाघीस झाली नाही. थेट म्युच्युअल करणार असाल तरी हे कागद आधी एकमेकांसमोर ठेवावेत असं मी सुचवेन. आम्ही दरमहा रक्कम आणि तिच्यात दरवर्षी वाढ लिहिली, पण शाळेची फी त्यातून बाहेर काढून थेट शाळेत भरायची ठेवली. फी ज्या वेगाने वाढते, तिला ठरलेली वाढ पुरत नाही.

आणखी एक. ‘मुलासाठी पोटगी मागणार नाही’ असं आईने लिहून दिलं, तरी मुलाचा हक्क त्यामुळे जात नाही. ताबा, शिक्षण आणि खर्च यांबाबतचा आदेश कलम २६ खाली नंतरही बदलून मागता येतो. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं, हेही दोन्ही वाटांनी सारखंच.

म्युच्युअलमध्ये धोका नाही असं नाही. अंतिम हुकूम होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. सुप्रीम कोर्टाने हे १९९१ मध्येच स्पष्ट केलंय. ‘ताबा सोड, पोटगी सोडते’ किंवा याच्या उलट, असा सौदा समोर आला तर सही करू नका. घरात मारहाण असेल, मुलाला लपवून ठेवलं असेल किंवा उत्पन्न दडवलं जात असेल, तर आपसात मिटवायच्या भानगडीत न पडता सरळ अर्ज करा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही आहे.

बाकीच्यांनी, निदान सुट्ट्यांचं पान एकत्र बसून लिहिता येतंय का, ते पाहावं. ते जमलं तर उरलेलंही बहुधा जमतं. दावा आधीच दाखल असेल तरी अडत नाही. चालू दाव्याचं रूपांतर १३-ब मध्ये करून घेता येतं, आणि तसा अर्ज पुरावा सुरू झाल्यावरही देता येतो.