दोनशेच्या आतलं रबरी हूड आणि हर्णैचा समोरून येणारा सूर्य

माझ्याकडे फिफ्टी आहे, म्हणजे ५० एमएम १.८ लेन्स, कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सनंतर बरेचजण जी पहिली घेतात तीच. तिच्यासाठी ४९ एमएमचं रबरी हूड, म्हणजे बाजूचं ऊन अडवायला लेन्सच्या तोंडावर लावायची कॉलर, घेतली होती, आट्यांवर फिरवून बसवायची, तीन टप्प्यांत दुमडणारी, दोनशेच्या आत मिळाली. नोव्हेंबर ते मे अख्खा सीझन हर्णै, मुरुड, आंजर्ले, दाभोळ एवढ्या पट्ट्यात वापरलंय त्यामुळे आता नीट सांगता येईल.

आधी एवढं हूड-हूड कशाला ते सांगतो. आपली किनारपट्टी पश्चिमेला तोंड करून आहे, संध्याकाळी बघण्यासारखं जे काय होतं ते सूर्याच्याच बाजूला होतं. होड्या तिकडून येतात, लाटा तिकडून येतात. माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ होता, तो कायम सांगायचा की सूर्य पाठीवर घे, आणि ३६ फोटोंच्या रोलच्या जमान्यात ते बरोबरच होतं, चुकलं तर पैसे गेले. पण हर्णैच्या पुळणीवर संध्याकाळी सूर्य पाठीवर घ्यायचा म्हटलं तर गुडघाभर पाण्यात जाऊन उलटं उभं राहायला लागतं आणि मग फोटोत येतं काय, तर उन्हाने डोळे बारीक केलेली माणसं आणि त्यांच्या मागे उभे टेम्पो. समोरून ऊन घेतलं की मासळीची बैलगाडी पाण्यातून वर येताना चाकावरून उडणारा एकेक थेंब पेटल्यासारखा दिसतो, बैलाच्या पाठीवरची केसांची कड चमकते. मला हेच हवं असतं.

आता हूड काय करतं. सूर्य फ्रेमच्या जरा बाहेर असतो पण ऊन तिरकं येऊन पुढच्या काचेवर पडतं, तेव्हा सगळा फोटो दुधात बुडवल्यासारखा होतो, काळी होडी राखाडी येते. पाचच्या सुमाराला एकाच जागेवरून एक हूड लावून आणि एक काढून असे फोटो घेतले, हूडवाल्यात होडीचा डांबरी काळा रंग काळाच आला, दोरखंडाचे पीळ मोजता आले. माझ्या क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरचा कॅमेरा) पूर्ण बाहेर ओढलं तरी कोपरे काळे होत नाहीत. ह्या कामाला पैकीच्या पैकी मार्क.

पण सूर्य फ्रेममध्येच आला की हूडचा उपयोग शून्य, हे स्पष्ट लिहितोय कारण विकणारे लिहितात की फ्लेअर, म्हणजे उन्हाने येणारे ठिपके आणि धुरकटपणा, गायब होतो. नाही होत. ऊन सरळच आत येतंय, त्याला कोण अडवणार. तिथे मदत करते ती फक्त साफ आणि उघडी काच.

उघडी म्हणजे फिल्टर, लेन्सपुढे बसवायची जादा सपाट काच, काढलेली. मी दुकानदाराच्या सांगण्यावरून लेन्सबरोबर एक स्वस्तातला यूव्ही फिल्टर घेतला होता, कंपनीचं नाव नको. डिसेंबरात मुरुडला सूर्यास्ताचे जवळजवळ सगळे फोटो त्याने घालवले. सूर्य वर उजवीकडे, तर बरोबर त्याच्या समोरासमोर खाली डावीकडे वाळूवर एक हिरवट ठिपका, प्रत्येक फोटोत. मी आधी लेन्सलाच दोष देत होतो. मग कळलं की साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, काचेवर चांगलं मल्टीकोटिंग, म्हणजे अनेक थरांचा लेप, असेल तर तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो. फिल्टर म्हणजे दोन सपाट पृष्ठभाग वाढले, आत सेन्सरवरून किंवा लेन्सच्या काचांवरून परतलेला उजेड त्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो आणि सूर्याची उलटी प्रतिमा फ्रेमच्या मध्याच्या पलीकडच्या बाजूला उमटते. फिल्टर काढला, ठिपका गेला. तेव्हापासून सूर्य समोर असताना फिल्टर खिशात, आणि बोटं किंवा कॅमेऱ्याचा पट्टा पुढच्या काचेवर आपटू नये म्हणून हेच रबरी हूड. पडण्याधडपडण्यापासूनही रबर जरा वाचवतं.

दुसरं म्हणजे खार. आपल्याकडे वारा खारा, अर्ध्या तासात काचेवर बारीक थर बसतो, सावलीत कळतपण नाही पण सूर्य समोर आला की दिव्याभोवती धुकं असावं तसं सगळं पसरतं. हूडने हा थर कमी बसतो, बंद होत नाही. शर्टाने कोरडं पुसू नका, मिठाचे कण काचेवर घासले जातात. आधी ब्लोअर मारायचा, मग लेन्स क्लीनरने जरासं ओलं केलेलं मायक्रोफायबर हलक्या हाताने.

आता एक फोटो सांगतो. फेब्रुवारीत मासळीचा लिलाव चालू होता, एक मावशी बांगडा माशांची टोपली पुढ्यात घेऊन बसलेल्या, मागून ऊन, ओल्या बांगड्यांच्या पाठी निळ्या-हिरव्या लखलखत होत्या. विचारलं काढू का फोटो, तर म्हणाल्या, "काढ की, पण तिकडनं ये दादा, इथनं आम्ही काळ्याच दिसणार." आणि खरंच कॅमेऱ्याने पहिल्यांदा तेच केलं, मागचा उजेड बघून सगळं काळं. एक्स्पोजर (आत घेतलेला उजेड) दोन स्टॉप, म्हणजे चौपट, वाढवलं तर चेहरा आला पण समुद्र पांढराफटक. शेवटी बर्फाच्या थर्माकोलच्या खोक्याचं झाकण उचललं, त्यांच्या भाच्याला समोर तिरकं धरायला लावलं, आणि त्या पांढऱ्या झाकणावरून परतलेल्या उन्हात चेहरा असा उजळला की नाकातली मोरणी, कपाळावरचा घाम, हसताना पडलेल्या सुरकुत्या सगळं दिसलं. लेन्सचं छिद्र एफ ४ ला, फोटो रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये. झाकणाला माशांचा वास येत होता पण मोठ्या स्टुडिओतला रिफ्लेक्टर यापेक्षा वेगळं काही करत नाही.

सावलीसारखी काळी आकृतीच हवी असेल तर उलटं करायचं, सूर्य फ्रेमबाहेर ठेवून शेजारच्या आभाळावर एक्स्पोजर घ्यायचं, लॉक करायचं, मग फ्रेम लावायची. सूर्याचा किरणांचा तारा हवा असेल तर छिद्र बारीक करून एफ १६, सूर्य डोलकाठीच्या किंवा सुवर्णदुर्गच्या तटाच्या कडेला जरासा लपवायचा. माझ्या लेन्सच्या छिद्राला ७ पाती आहेत म्हणून १४ किरणं येतात, पाती विषम असली की दुप्पट, सम असली की तेवढीच. एफ १.८ ला मात्र भर उन्हात काढत बसू नका, शटर १/४००० सेकंदाला पण कमी पडतं आणि होडीच्या कडांना जांभळी झाक येते. आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून वरच्या सूर्याकडे बघू नका, डोळा तुमचा आहे, लाइव्ह व्ह्यू लावा, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघा.

हूडमधल्या उणिवा पण सांगतो. जोराचा वारा असला की रबर एका बाजूने आत वाकतं आणि फ्रेममध्ये येतं, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपाशी मला दोनदा झालं. आट्यांत रेती जाते, तशीच फिरवली तर लेन्सचे आटे खराब होतील, जुन्या टूथब्रशने झाडून मगच लावा. गाडीच्या काचेला टेकवून फोटो काढला तर प्रतिबिंब येत नाही हा मोठा फायदा, पण फिफ्टीची पुढची नळी फोकस करताना पुढेमागे होते, त्यामुळे नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, नाहीतर मोटरवर जोर येतो. किट लेन्सच्या १८ एमएमवर असलं हूड मात्र नको, कोपरे काळे येतात, पूर्ण दुमडून ठेवलं तर चालतं.

दिशेचं एक राहिलं. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या डावीकडे सहाच्या आसपास बुडतो, मेमध्ये उजवीकडे सातला, त्यामुळे नोव्हेंबरात शोधून ठेवलेली जागा एप्रिलमध्ये चालत नाही, परत फिरून बघावं लागतं. मला हे उशिरा कळलं.

सध्या १ जूनपासून मासेमारी बंद आहे, होड्या वर ओढून शाकारल्यात. हूड धुवून वाळवून डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवलंय. ऑगस्टात बंदर सुरू झालं की मावशींना आठ बाय बाराची प्रिंट द्यायला जायचंय, भाच्याला पण एक, झाकण धरल्याबद्दल.