हठयोग आणि वजने एकाच वर्गात : तीन महिन्यांनंतरचे मत

गेल्या पावसाळ्यात मी कोथरूडमधील एका व्यायामवर्गात तीन महिन्यांसाठी नाव घातले. हठयोग, ताकद आणि दमसास या तिन्हींची तयारी एकत्र करून घेतो, असे वर्गाचे म्हणणे होते. मी साशंक होतो, कारण अशा ठिकाणी योगाच्या वाट्याला बहुधा शेवटची पाच मिनिटे येतात आणि बाकी सगळा जिमच असतो.

ही शंका माझ्या एकट्याची नाही. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात साधकाने वर्ज्य करायच्या गोष्टींमध्ये ‘कायक्लेशविधि’ येतो आणि एकोणिसाव्या शतकातील ‘ज्योत्स्ना’ टीकेत ब्रह्मानंदांनी त्याचा अर्थ पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे आणि पुष्कळ भार वाहणे असा दिला आहे. म्हणजे आमच्या वर्गाचे दोन्ही खांब त्यांनी एका वाक्यात पाडले. महाराष्ट्राने हे फारसे मनावर घेतले नाही, ही गोष्ट वेगळी. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घरोघरी नेले आणि १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद त्याआधी बडोद्याच्या माणिकरावांकडे व्यायामाचे धडे घेऊन आले होते. शिवाय टीकाकाराचा रोख ‘बहु’ या शब्दावर आहे, आणि हा वर्ग जिथे चांगला आहे तिथे तो नेमका या ‘बहु’ला आवर घालतो म्हणूनच चांगला आहे.

सोमवार आणि गुरुवार हे ताकदीचे दिवस. सुरुवातीला सहा संथ सूर्यनमस्कार, मग केटलबेल (मूठ असलेले गोल वजन) छातीशी धरून बैठका, वजन जमिनीवरून उचलणे, दांड्याला लोंबकळून शरीर वर खेचणे, आणि दीर्घकाळ धरायची आसने सर्वांत शेवटी. हा क्रम मला पटला, कारण एखादा स्नायू मिनिटभराहून अधिक काळ ताणून धरला तर त्याची ताकद थोड्या वेळापुरती उतरते आणि तशा पायांनी लगेच वजन उचलण्यात अर्थ नसतो. खेचण्याच्या व्यायामाचेही मोल मला इथेच कळले. चतुरंग दंडासन असो की मयूरासन, आसनांमध्ये हातांनी जमीन ढकलणे भरपूर आहे, पण काही ओढून घेणे जवळपास नाही. वर्षानुवर्षे निष्ठेने आसने करणाऱ्या माणसालाही दांड्यावर एकदा वर जाणे जड जाते. (मल्लखांबवाल्यांना ही अडचण कधी आली नसणार.)

उत्तानासनाची, म्हणजे उभे राहून पुढे वाकण्याची, सवय असलेल्यांचे घोडे दुसरीकडेच अडते. वजन उचलायला वाकताना आम्ही सगळेच पाठीची कमान करत होतो. शिक्षकांनी झाडूची काठी माझ्या पाठीवर उभी धरली आणि ती डोके, पाठ आणि माकडहाड या तीन ठिकाणी टेकलेली राहील असेच वाकायचे, असे सांगितले. पहिले दोन आठवडे मी फक्त काठी घेऊनच वाकत होतो. दुसरा नियम श्वासाचा होता: वजन हातात असताना तोंड उघडले की वजन खाली. चौथ्या आठवड्यात बारा किलोच्या केटलबेलसह सातव्या बैठकीला माझे तोंड उघडले आणि मागून आवाज आला, “काका, ठेवा खाली. आज एवढेच.” तेव्हा राग आला होता.

मंगळवारी फक्त आसने आणि प्राणायाम. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, बसूनच शिकवला जातो आणि तोही उच्च रक्तदाब असणाऱ्यांना नाही. ओझ्याखाली श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून कुंभक आणि वजन यांची गाठ कधी घालायची नाही, हे शिक्षक दर आठवड्याला बजावत. बुधवारी सुट्टी.

शुक्रवारी मात्र हाच वर्ग आपलाच धडा विसरतो. मोठ्या आवाजात गाणी लागतात, चाळीस सेकंद व्यायाम आणि पंधरा सेकंद विश्रांती अशी घड्याळाची शिस्त सुरू होते आणि दंड मारून खांदे थकल्यावर त्याच घाईत सर्वांगासनात जायला सांगितले जाते. तिसऱ्या शुक्रवारी माझी मान धरली आणि पुढचे चार दिवस गाडी मागे घेताना मला अख्खे वळावे लागत होते. मी तक्रार केली, ती शांतपणे ऐकून घेतली गेली, आणि पुढच्या शुक्रवारी क्रम तसाच होता. चौदा जणांमागे एकच शिक्षक असताना उलटी आसने घड्याळ लावून घेणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

दमसासाची बाजू योग्य, पण अपुरी आहे. रविवारी दीड तास वेताळ टेकडी, तीही गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. तिसऱ्या महिन्यात आतकरवाडीहून सिंहगड. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवते. त्यातले दोन दिवस इथे चोख भरतात. मिनिटांचा उरलेला हिशेब आपला आपणच जुळवायचा, आणि हे नाव घालताना कोणी सांगत नाही.

तीन महिन्यांचे साडेसात हजार रुपये, जाजम स्वतःचे. आठ किलोवरून मी सोळा किलोवर आलो, दांड्यावर शून्याचे दोन झाले, सिंहगडावर दोनदाच थांबलो. पद्मासन अजून लागत नाही.

पुढच्या तिमाहीचे पैसे भरले आहेत. शुक्रवारी मी सायकल काढतो.