निळ्या-सोनेरी मेकॅनो संचाच्या नावाखाली झालेली फसवणूक

दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा, निळ्या-सोनेरी रंगाचा, मेकॅनोचा (छिद्रे असलेल्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टांनी जोडून यंत्रांच्या प्रतिकृती बांधायच्या इंग्रजी खेळाचा) दहा क्रमांकाचा संच म्हणून इंग्लंडमध्ये मला जो माल १,८०० पौंडांना विकण्यात आला, त्यातला निम्म्याहून अधिक भाग नंतरच्या काळातला आणि पुन्हा रंगवलेला, किंवा अगदी अलीकडे घडवलेला निघाला. पैसे परत मिळालेले नाहीत. विक्रेत्याचे उद्योग अजून चालू आहेत असे मानायला जागा आहे. पुण्या-मुंबईतली हौशी मंडळीसुद्धा असे संच इंग्लंडमधल्या नातेवाइकांमार्फत मागवतात, आणि लहानपणी ‘मेकॅनिक्स’ खेळलेल्या पिढीतले अनेक जण निवृत्तीनंतर या छंदाकडे वळताना मी पाहतो. म्हणून हा सगळा प्रकार मराठीत, तपशिलासह लिहीत आहे.

मेकॅनोचा जो गुण आमच्यासारख्यांना भुरळ घालतो, त्याच गुणावर ही फसवणूक उभी आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतले आणि १९०७ मध्ये ‘मेकॅनो’ हे नाव आले. पण दोन छिद्रांमधले अर्ध्या इंचाचे अंतर पहिल्यापासून ठरले ते ठरलेच. लिव्हरपूलमधल्या बिन्स रोडवरचा कारखाना १९१४ पासून १९७९ पर्यंत चालला, आणि त्या साऱ्या काळात तिथून बाहेर पडलेली कोणतीही पट्टी दुसऱ्या कोणत्याही दशकातल्या पट्टीला बिनतक्रार बसते. बदलत गेले ते रंग. सुरुवातीला निकेलचा मुलामा होता, १९२६ मध्ये लाल-हिरवा रंग आला, १९३४ मध्ये सोनेरी पट्ट्या आणि सोनेरी तिरक्या जाळीच्या रेघा असलेले निळे पत्रे आले, युद्धानंतर पुन्हा लाल-हिरवा आणि १९६४ पासून काळा-पिवळा. दहा क्रमांकाचा सर्वांत मोठा संच १९३७ मध्ये निघाला, त्यामुळे निळ्या-सोनेरी रंगात तो युद्धापूर्वीची जेमतेम काही वर्षेच बनला. लाल-हिरवे संच त्या मानाने मुबलक आहेत. म्हणजे साध्या हिरव्या पट्टीवर सोनेरी रंगाचा एक हात फिरवला, की तिची किंमत कित्येक पटींनी वाढते, आणि बसायला तर ती कुठेही बसतेच.

मला हा संच कपाटात ठेवायला नको होता. बंदरात धक्का बांधताना काँक्रीटचे अवजड ठोकळे उचलून पाण्यात बसवणाऱ्या प्रचंड क्रेनची प्रतिकृती ही मेकॅनोवाल्यांची जुनी आवडती रचना आहे. तीच मला केवळ निळ्या-सोनेरी भागांत बांधून प्रदर्शनात मांडायची होती. स्केग्नेससारख्या समुद्रकाठच्या गावी भरणाऱ्या मोठ्या प्रदर्शनात लाल-हिरव्या क्रेन दिसतात, पिवळ्या-निळ्याही दिसतात. पण संपूर्ण एकाच काळातल्या रंगात बांधलेली क्रेन समोर आली, की जाणकार टेबलापाशी थांबतात, वाकून पट्ट्यांवरचे शिक्के वाचतात आणि मग गप्पा सुरू होतात. त्या गप्पांसाठीच हा सगळा खटाटोप असतो, हे मान्य करायला हरकत नाही. या क्रेनचा वरचा भाग ज्या बैठकीवर फिरतो ते दातेरी रोलर बेअरिंग, भाग क्रमांक १६७, हा मेकॅनोतला सर्वांत दुर्मीळ आणि महाग भागांपैकी एक. विक्रेत्याने आपल्या संचात तो असल्याचे सांगितले, तेव्हाच माझ्या लेखी त्या संचाची किंमत निम्मी वसूल झाली होती.

हा गृहस्थ मला एका छोट्या स्थानिक प्रदर्शनात भेटला. साठीच्या पुढचा, बोलायला मृदू, विषयाची उत्तम जाण असलेला. काकांच्या निधनानंतर त्यांचे घर रिकामे करायचे आहे, काकूंना या वस्तूंचे काही वाटत नाही, आणि संच ‘योग्य हातांत’ पडावा एवढीच इच्छा आहे, असे त्याने सांगितले. त्याने संच ज्यात होता त्या ओक लाकडाच्या, खणांच्या कपाटाचे फोटो दाखवले आणि संचाबरोबरची सूचना-पुस्तिका माझ्या हातात दिली. मेकॅनोच्या पुस्तिकांवर छपाईचा महिना आणि वर्ष दर्शवणारा बारीक अक्षरांतला सांकेतिक आकडा असतो. तो मी पाहिला. पुस्तिका शंभर टक्के अस्सल आणि त्याच काळातली होती, आणि आजही तसेच माझे मत आहे. या व्यवहारातली हीच गोष्ट इतरांनी नीट लक्षात घ्यावी: खरेदीदार जे तपासणार हे ठाऊक असते, ते अस्सलच ठेवलेले असते.

कपाट तो स्वतःच्या गाडीतून घेऊन आला. वरचे दोन खण त्याने उघडून दाखवले, त्यांतल्या पट्ट्या मी उलटसुलट करून पाहिल्या, आणि त्या खऱ्या होत्या. खालच्या खणांतले भाग मात्र पुठ्ठ्याच्या तक्त्यांवर दोऱ्याने बांधलेले होते, कारखान्यातून संच बाहेर पडताना बांधत तसे. मी एका दोऱ्याला हात लावताच त्याने अदबीने थांबवले. ‘ही बांधणी मूळची आहे, ऐंशी वर्षांत कोणी सोडलेली नाही, एक गाठ जरी सुटली तरी संग्राहकाच्या दृष्टीने शेकडो पौंड कमी होतात, पैसे देण्यापूर्वी ते नुकसान माझे, नंतर तुमचे,’ असे त्याचे म्हणणे होते. संग्राहकांच्या जगात हे खरेही आहे, आणि सगळी मेख इथेच आहे. ज्या गोष्टीमुळे मालाची किंमत वाढते, तीच गोष्ट माल तपासण्याच्या आड येते. ज्याने संच काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी घेतला असता त्याने त्या गाठी कधीच सोडल्या नसत्या, आणि पुढे त्याच्या मुलांनी तो तसाच बांधलेला, त्याच कहाणीसह, तिसऱ्याला विकला असता.

मला बांधणी करायची होती, म्हणून गाठी सोडल्या आणि पितळ उघडे पडले, तेही रंगामुळे नव्हे तर दंतचक्रामुळे. १९ दातांचे पिनियन, म्हणजे लहान दंतचक्र, आणि ५७ दातांचे चक्र एकमेकांपासून बरोबर एक इंचावरच्या छिद्रांत बसवले, की ते तिनास एक या प्रमाणात अलगद फिरते. मेकॅनोच्या कोणत्याही गिअरपेटीचा हा पहिला धडा. या संचातली जोडी हाताने फिरवली तर मोठ्या चक्राच्या प्रत्येक फेऱ्यात एका ठिकाणी अडकत होती आणि समोरच्या बाजूला सैल पडत होती. कारण उघड होते: दांडी ज्यात बसते त्या मधल्या पितळी बॉसचे भोक केंद्रात नव्हते. मग त्याच चक्राला दांडीवर पक्के धरणारा बिनडोक्याचा छोटा ग्रब स्क्रू काढला आणि माझ्याकडचा जुना स्क्रू त्यात बसवून पाहिला. तो दीड-दोन आट्यांपर्यंत गेला आणि घट्ट रुतला. बिन्स रोडच्या कारखान्यात अखेरपर्यंत ५/३२ इंचाचे, इंचाला ३२ आट्यांचे, व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आटे वापरले गेले. त्याच्या अगदी जवळच्या मापाचा आजचा मेट्रिक एम-४ बोल्ट दिसायला तसाच असतो, पण त्याचे आटे अधिक बारीक असतात, म्हणून दोन्ही एकमेकांत सुरुवातीला जातात आणि मग अडतात. युद्धपूर्व चक्रात मेट्रिक आटे असण्याचे काहीच कारण नाही.

त्यानंतर भिंगाखाली एकेक भाग तपासला. सोनेरी पट्ट्यांच्या छिद्रांच्या कडांवर रंगाचा जाड ओघळ साचलेला होता, आणि ‘मेकॅनो’ हा ठसा रंगाने भरून बुजला होता. एका पट्टीच्या लांबट छिद्राच्या आतल्या कडेला सुईच्या टोकाने हलकेच खरवडले, तेव्हा सोनेरीखाली पत्र्याऐवजी हिरवा रंग दिसला. निळ्या पत्र्यांवरच्या सोनेरी जाळीच्या रेघा काही ठिकाणी छिद्राच्या आतल्या कडेपर्यंत उतरल्या होत्या. दोरा बाहेरून तपकिरी, पण गाठीच्या आत दुधासारखा पांढरा होता. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला असावा, असा माझा अंदाज आहे. रोलर बेअरिंग तर सरळसरळ अलीकडचे होते. आणखी एक गोष्ट मागाहून खटकली, ती म्हणजे संच अगदी पूर्ण होता. यादीप्रमाणे एकही नट कमी नाही, एकही लहानसा भाग हरवलेला नाही, ही पोरांनी वर्षानुवर्षे खेळलेल्या पेटीची लक्षणे नव्हेत.

इथे एक खुलासा करायला हवा. नव्याने घडवलेले भाग म्हणजे नकली माल, असे कोणी समजू नये. इंग्लंडमध्ये आणि भारतातही जुन्या भागांच्या उत्तम प्रतिकृती तयार होतात, त्या प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात, आणि त्या नसत्या तर प्रदर्शनातल्या निम्म्या मोठ्या रचना उभ्याच राहिल्या नसत्या. पुन्हा रंगवलेल्या पट्ट्या वापरण्यातही कमीपणा नाही. फसवणूक आहे ती वय खोटे सांगण्यात आणि त्या वयाचे पैसे घेण्यात.

पैसे मी बँकेतून थेट त्याच्या खात्यावर पाठवले होते. इथल्या बँका पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव जुळते का ते दाखवतात, आणि नाव अचूक जुळले होते. तो काही खोट्या नावाने वावरत नव्हता. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून असा नियम आहे, की फसवून करून घेतलेल्या बँक हस्तांतराची रक्कम, ८५,००० पौंडांच्या मर्यादेत, बँकेने ग्राहकाला परत करावी. तो नियम मनात धरून मी निश्चिंतपणे दावा दाखल केला आणि तो फेटाळला गेला. कारण असे, की माल न मिळणे ही फसवणूक, पण माल मिळाला आणि तो वर्णनाबरहुकूम नसला, तर तो खरेदीदार आणि विक्रेता यांच्यातला दिवाणी वाद, आणि दिवाणी वादांना हा नियम लागू नाही. माझ्या हातात प्रत्यक्ष कपाट, शेकडो पट्ट्या आणि एक अस्सल पुस्तिका होती. काहीच न पाठवणाऱ्या भामट्यापेक्षा काहीतरी आणून देणारा भामटा कायद्यापासून अधिक सुरक्षित असतो, हे मला बँकेच्या त्या दोन ओळींच्या पत्रावरून कळले.

दिवाणी मार्ग कागदावर तरी मोकळा आहे. १९७९ च्या मालविक्री कायद्यानुसार खासगी विक्रेत्याचा मालसुद्धा त्याने केलेल्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, आणि १०,००० पौंडांपर्यंतचे दावे छोट्या रकमांच्या न्यायालयीन प्रक्रियेत चालतात. मात्र दावा लावायला प्रतिवादीचा पत्ता लागतो. पावतीवरचा पत्ता हा भाड्याने मिळणाऱ्या टपालपेटीचा निघाला आणि फोन बंद झाला. शिवाय पावतीवर त्याने स्वतःच्या हाताने ‘जुना मेकॅनो, कपाटासह’ एवढेच लिहिले होते. ‘युद्धपूर्व’, ‘निळा-सोनेरी’, ‘मूळ रंग’ यांतला एकही शब्द त्यात नाही. जे काही सांगितले ते सगळे तोंडी. पोलिसांकडे नोंद केली आहे, तिचा क्रमांक मिळाला आहे, त्यापुढे काही घडलेले नाही.

आता असा संच घ्यायचा असेल, तर मी विक्रेत्याकडून काळ, रंग मूळ असल्याची ग्वाही आणि प्रतिकृती-भागांची संख्या हे सारे पावतीत किंवा निदान ईमेलमध्ये लिहून घेईन, आणि लिहून द्यायला तो का-कू करू लागला तर तिथेच थांबेन. पेपालने पैसे देताना ‘मित्र आणि कुटुंबीय’ हा पर्याय विक्रेते हमखास सुचवतात, कारण त्यात शुल्क वाचते; पण त्यात खरेदीदाराला कोणतेही संरक्षण नसते. वस्तू-सेवांच्या पर्यायात वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाबद्दल १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते. ते शुल्क आपण भरावे, स्वस्त पडते. तपासणीला जाताना ५/३२ इंचाचा एक अस्सल बोल्ट आणि भिंग खिशात असावे, आणि पट्ट्यांत वेळ न घालवता थेट महागड्या भागांकडे जावे: दंतचक्रे, रोलर बेअरिंग, मोठ्या वर्तुळाकार पट्ट्या. बांधणीचा दोरा सोडू दिला जात नसेल, तर त्या बांधणीसाठी एक पेनीही जादा मोजू नये. भारतातून मागवणाऱ्यांनी तर इथल्या एखाद्या मेकॅनो मंडळाच्या सभासदाला प्रत्यक्ष पाहून यायला सांगावे. ही मंडळी अशा कामाला सहसा नाही म्हणत नाहीत, उलट दुपारभर तिथेच रमतात.

ते कपाट सध्या माझ्या घरी आहे, पण त्याचे फोटो दाखवून तोच संच पुन्हा विकायला काढला असल्याचे आमच्या मंडळातल्या एका जुन्या सभासदांनी मला नुकतेच कळवले, आणि त्यांनी पाठवलेला फोटो माझ्याच कपाटाचा आहे. वरच्या फळीवर उजवीकडे शाईचा लंबगोल डाग आहे, आणि दुसऱ्या खणाच्या डाव्या मुठीला चपट्या खाचेऐवजी फुलीच्या खाचेचा नवा स्क्रू आहे. असा फोटो कोणाकडे आला, तर बयाणा पाठवण्यापूर्वी त्या स्क्रूचा जवळून काढलेला, आजच्या तारखेचा कागद शेजारी ठेवलेला दुसरा फोटो मागावा. तो त्याला पाठवता येणार नाही.